ऐंशीचा फ्यूज

खोक्यावर दोन हजार वॉट छापलेलं दिसलं की आमच्या मामाला दुसरं काही दिसत नाही. त्याने तसला एक अँप्लिफायर कुठूनतरी आणला आणि गाडीत बसवून घ्यायला आमच्या दुकानात आला. मी खोकं बाजूला सारलं आणि त्याला अँप्लिफायरचा फ्यूज दाखवला. तीस अँपिअर. बॅटरी बारा व्होल्टची, म्हणजे तीनशे साठ वॉटच्या वर फारसं आत शिरणारच नाही, आणि त्यातलंही बरंचसं डबा तापवण्यात जाणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मामा बाबांकडे बघून हसला. पोरगी तुमच्यावर गेलीय दाजी, म्हणाला. बाबांना गावभर मास्तर म्हणतात. तेही हसले आणि दुकान आता हीच बघते म्हणाले. नवी पाटी रंगवायला टाकली की तिच्यावर तुझं नाव घालू, असं त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. त्या पाटीवर मी जीव लावून बसले होते.

मी तिसाला पुरेल एवढी वायर टाकली, बॅटरीजवळ तिसाचाच फ्यूज बसवला आणि वर टेप गुंडाळून तिचं टोक दुमडून ठेवलं. ही बाबांची शिकवण. पुढे ज्याला कुणाला उघडावं लागेल त्याने नखाने टोक शोधत बसू नये. आमच्या दुकानाची सहीच ती.

नाव मोठं, लक्षण खोटं. दोन हजार वॉट काही ऐकू येईनात, तेव्हा मामाने त्याच वायरवर दुसरा अँप्लिफायर परस्पर जोडून घेतला. फ्यूज उडायला लागला. उडणारच, त्याचं काम तेच. मग एके दिवशी गालिच्याखालची वायर तापून मागचं सीट पेटलं आणि ते विझवताना मामाचा हात भाजला.

जळकी गाडी ओढून आणून त्याने दुकानासमोर उभी केली आणि मला बॉनेट उघडायला लावलं. वायर वितळून गेली होती, फ्यूज मात्र ठणठणीत. मी बसवलेला तिसाचा नव्हे, ऐंशीचा; वायर जळेपर्यंत तो उडणारच नाही. फ्यूज सारखा उडतो म्हणून मामाने मागे ड्रायव्हरबरोबर गाडी दुकानात पाठवली होती, ड्रायव्हर किल्ली ठेवून चहाला गेला होता, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी मी बाजारात होते.

"टेपचं टोक दुमडलेलं आहे," मामा म्हणाला. "म्हणजे काम इथलंच."

मी टेप बघितली. बाबा डावखुरे आहेत. माझी टेप जिकडे वळते त्याच्या उलट त्यांची वळते. ही उलट होती. हे आम्हा दोघांनाच कळणार होतं आणि आम्ही दोघंही तिथेच उभे होतो. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनीच बोलावं म्हणून.

"पोर आहे," बाबा म्हणाले. "चुकली."

मग मामाने मला चांगलं फैलावर घेतलं. मी मान खाली घालून ऐकलं. रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि तो मामावर नव्हताच.

तो गेल्यावर मी म्हटलं, "टेप उलटी आहे, बाबा."

"माहीत आहे." ते पक्कड पुसत होते, पुसून झाली तरी पुसतच होते. मामाचे सारखे फोन येत होते, मोठा फ्यूज घातला तर तेवढ्याने काय बिघडतंय असं वाटलं, असं काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "मला लोक मास्तर म्हणतात गं. तुझं अजून नाव कुठे झालंय? तुझं काय जाणार?"

कुंपणानेच शेत खाल्लं तर सांगायचं कुणाला? पाटी रंगून आली. तिच्यावर त्यांचंच नाव आहे. काम सगळं मी करते आणि गिऱ्हाईकाने विचारलं की मास्तरांनी केलं म्हणते. फक्त टेपचं टोक आता दुमडत नाही. अंगठ्याने दाबून चिकटवून टाकते. पुढच्याने बसावं नखाने शोधत.