वाढवून सांगितलेले तास

वीस वर्षं मी विमानाची तिकिटं काढून देतोय. कुठलीही दोन शहरं सांगा. अंतर किती, विमान किती तास घेईल, मध्ये कुठे ताटकळावं लागेल, सगळं तोंडपाठ. गिऱ्हाइकाला मात्र खरा आकडा कधी सांगत नाही, तीन तास वाढवूनच सांगतो. लवकर पोचलेला माणूस खूश असतो, उशिरा पोचलेला माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतो. ही खोड घरापर्यंत आली. परदेशातून येताना मी चारला पोचतो म्हटलं की घरचे एक वाजताच पानं मांडून बसतात आणि वर मलाच हसतात.

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा आईला गुंगीच्या इंजेक्शनवर ठेवलं होतं. डॉक्टर म्हणत होते, फार तर दोन दिवस. गुंगी उतरवली तर ती तासभर शुद्धीवर राहील, बोलेल, पण वेदना सोसवणार नाहीत. आणि हे एकदाच करता येईल. मी नक्की कधी पोचतो, तेवढं धाकट्याला हवं होतं.

आठ हजार सहाशे किलोमीटर. पहिलं विमान नऊ तास, मध्ये दोन तास खोळंबा, दुसरं विमान दोन तास, मग तासाभराची टॅक्सी. आयुष्यात पहिल्यांदा मी एक मिनिटही न वाढवता सांगितलं, उद्या दुपारी चार. घड्याळ तिथल्या वेळेवर लावलं आणि निघालो. नऊ तास डोळ्याला डोळा लागला नाही. आईशी काय बोलायचं तेच ठरवत होतो, आणि काहीच सुचत नव्हतं.

मधल्या विमानतळावर साडेबाराला धाकट्याचा फोन आला. टॅक्सी मिळाली का म्हणून तो विचारत होता.

"कसली टॅक्सी? मी अजून मध्येच आहे. चार सांगितलं होतं ना?"

तो म्हणाला, "दादा, तू चार म्हणालास म्हणून मी डॉक्टरांना एक सांगितलं."

मी त्याला गाढव म्हटलं, आणखी नको नको ते बोललो, शेजारची माणसं वळून बघायला लागली. पण त्याचं काय चुकलं होतं? त्याने वीस वर्षांचा अनुभव वजा केला होता.

गुंगी अंदाजाआधीच उतरली होती, आई बारापासून जागी होती. फोनमध्ये मागून तिचं कण्हणं ऐकू येत होतं. धाकटा सांगत होता, ती दाराकडे बघत माझ्याबद्दल विचारत होती. नर्स इंजेक्शन भरून उभी होती, आई ते टोचू देत नव्हती. मी आल्याशिवाय नाही म्हणत होती.

"काय करू, सांग," धाकटा रडत होता.

इकडे विमानात बसायची शेवटची सूचना झाली. मी म्हटलं, फोन तिच्या कानाला लाव.

"आई, पोचलो गं. खाली आहे, लिफ्टची वाट बघतोय."

"मग जिन्याने ये ना," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक, पण चिडका.

"येतो. तोवर ते इंजेक्शन घे. तू डोळे मिटेपर्यंत मी वर असतो."

"बरं," ती म्हणाली. "दमलेला असशील."

धाकट्याने फोन काढून घेतला. नर्सला तो 'द्या' म्हणाला, तेवढं मला ऐकू आलं. विमानाच्या दारावरच्या मुलीने माझं तिकीट बघितलं आणि प्रवास सुखाचा होवो म्हणाली. मी आत शिरलो. अजून साडेतीन तास होते.