हाक कशी मारायची

डेल्विनचे हात पहिल्यापासून मोठे. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध असलेल्या आमच्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये पोरी लांबोळक्या बॉलच्या ‘फूटी’ या खेळावर वाढतात. उंच उडी मारून तो बॉल झेलता झेलता ते हात तयार झाले. चौदाव्या वर्षी शाळेच्या सॉकर संघाला गोलकीपर मिळेना, म्हणून हिला उभी केली, तर हिने दिवसभरात एकही गोल होऊ दिला नाही. सतराव्या वर्षी ती अ‍ॅडलेडच्या क्लबात आली. मग चार वर्षं बहुतेक बाकावरच गेली. बोट मोडलं, गुडघा सुजला, घरची आठवण आली की न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं. या मोसमात कुठे ती पहिली गोलकीपर झाली, आणि मोसमाच्या तोंडावर आजी वारली. जिने हिला लहानाची मोठी केली ती.

आम्हा इथल्या मूळनिवाशांत माणूस गेलं की त्याचं नाव तोंडी आणत नाहीत. वर्ष, दोन वर्षं, घरचे सांगतील तोवर. त्याच नावाचं दुसरं कुणी असेल तर त्यालाही ‘कुमन्जाय’ म्हणायचं, हे दुखवट्याचं नाव. अंत्यविधीच्या दिवशी वस्तीतल्या दोघीजणी अशा कुमन्जाय झाल्या आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पण अ‍ॅडलेडच्या संघात, डेल्विनच्या अगदी पुढ्यात बचावाला खेळणाऱ्या एकोणीस वर्षांच्या गोऱ्या मुलीचं नाव नेमकं तेच होतं. हल्ली गोऱ्यांना पोरींना पणज्यांची नावं ठेवायची हौस आली आहे, त्याचा हा प्रसाद. नाव मीही इथे लिहीत नाही.

आता गोलकीपरचं अर्धं काम हातांनी आणि अर्धं तोंडाने. मागून सगळं मैदान तिलाच दिसतं. ती ओरडणार, पुढच्या सरकणार. डेल्विन बाकीच्यांना नावाने हाका मारायची आणि या एकीला नुसतं ‘ए’. शेवटून दुसऱ्या सामन्यात ती ‘ए, मागे’ म्हणून ओरडली, तर दोघी बॅक एकदमच मागे धावल्या आणि समोरच्यांची स्ट्रायकर मोकळी सुटली. गोल झाला. सामना गेला.

कोचने तिला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं. पुढच्या मोसमाचे करार शनिवारच्या शेवटच्या सामन्यानंतर ठरणार होते, आणि बचावफळीशी न बोलणारी गोलकीपर कोचला नको होती. दुसरी तयारच होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तिची नोरीन मावशी त्या दिवसांत किडनीच्या उपचारासाठी अ‍ॅडलेडलाच होती. गुरुवारी ती सरावाला आली, घडीची खुर्ची टाकून बसली आणि चिप्स खाता खाता भाचीचा चेहरा वाचत राहिली. सराव संपल्यावर तिने सगळं काढून घेतलं.

“त्या पोरीला सांगितलंस?”

“नाही.”

“कोचला?”

“काय सांगू, मावशी? मागच्या वर्षी दोन मयतांना घरी गेले, तेव्हाच यांची तोंडं वाकडी झाली होती. म्हणतील, आली हिची कारणं. आणि त्या पोरीला कुमन्जाय कसं म्हणू? तिचं कोण गेलंय?”

“म्हणजे करार गेला तरी चालेल, पण तोंड उघडायचं नाही. खुळी ती खुळीच,” मावशी म्हणाली आणि तिने हात करून त्या मुलीलाच बोलावलं.

मुलगी घाबरत घाबरतच आली. मावशीने तिला एक चिप दिली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की तुझं नाव आमच्या म्हातारीचं होतं, ती गेली, म्हणून ही तुला हाक मारत नाही. मुलगी डेल्विनकडे वळली.

“मला वाटलं, मी तुला आवडत नाही,” ती म्हणाली. “चार महिने तेच वाटतंय.”

मावशीने लगेच तोडगा काढला.

“नाव तेच, म्हणजे माझ्या हिशेबाने तू हिची आजी लागतेस. आजीला आजी म्हणायला कुणाची बंदी नाही. आणि नात ऐकत नसेल तर दटाव तिला.”

“नात माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे.”

“असतं असं आमच्यात. माझा एक मामा अजून दुधाच्या बाटलीवर आहे.”

शनिवारी तिसऱ्याच मिनिटाला डावीकडून बॉल आला. डेल्विनने तोंड उघडलं. अंत्यविधीपासून तो शब्द तिने एकदाही उच्चारला नव्हता.

“आजी, डावीकडे!”

आजी डावीकडे धावली आणि तिने बॉल मैदानाबाहेर टोलवला. डेल्विनचा जीव भांड्यात पडला. मग मात्र ती थांबेना. आजी, पुढे हो. आजी, तुझ्या पाठीमागे बघ. आजी, झोपलीस काय. गरज नसतानाही हाका चालल्या होत्या, आणि समोरच्या संघातल्या पोरी ही आजी कोण म्हणून शोधत होत्या. सामना एक-शून्यने जिंकला. शेवटी शेवटी आलेला एक फटका डेल्विनने बोटांच्या टोकांनी आडव्या दांडीवरून घालवला.

कोच हसतच आली. सोमवारी सही करायला ये म्हणाली, आणि मग विचारलं, की असं ओरडता येत होतं तर इतके दिवस काय झालं होतं?

डेल्विनचा घसा पार बसला होता. आवाजच फुटेना.

“तिची आजी वारली,” ती मुलगी म्हणाली. “आणि ती कुणाला सांगू शकत नव्हती.”

दुसऱ्या कुणीतरी ते सांगून टाकलं होतं. डेल्विन गोलाच्या खांबाला टेकून बसली आणि सगळ्यांदेखत, नळ न सोडता, पोटभर रडली. तिची एकोणीस वर्षांची आजी तिच्या पाठीवर हात ठेवून शेजारी बसून राहिली.