हरकत नाही

क्लेगने दफनवहीवर सांडलेला रस्सा बाहीने पुसला आणि वही डोरीनकडे सरकवली. उजव्या हातात मटण-बटाट्याचं पॅटिस तसंच होतं. दफनभूमीच्या कचेरीत हा माणूस गेली बावीस वर्षं जेवत होता आणि वह्यांच्या कडा त्याची साक्ष देत होत्या.

"जरा ते बाजूला ठेवून बोलता का?" डोरीन म्हणाली.

"बाई, यातल्या कुणाला वास येत नाही आता."

डोरीनला शिसारी आली. तीन बुधवार खेटे घातल्यावर कुठे १९११-१२ची वही हाती लागली होती. तिची आजी अ‍ॅलिस ऑग्डेन १९११ साली गावच्या सरकारी गरीबगृहात छातीच्या दुखण्याने गेली होती. पुढची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. गरीबगृहवाल्यांनी घरच्यांना न कळवताच तिला पुरून टाकलं. अठरा वर्षांची हेटीआत्या धावत गेली, तोवर सगळं आटोपलं होतं. दर नाताळात जेवणं झाली की आत्या हे सांगायची आणि डोरीनचे वडील डोळे पुसायचे. ते तेव्हा सहा वर्षांचे होते. त्यांना आत्यानेच लहानाचं मोठं केलं, त्यापायी लग्नही केलं नाही.

आता वडील गेले होते आणि आत्या त्र्याण्णवची झाली होती. वृद्धाश्रमात बसून ती एकच धोशा लावत होती: मरायच्या आत माझ्या आईची जागा शोधून दे.

"सापडली," क्लेगने बोट ठेवलं. "प्लॉट एक्केचाळीस, कुंपणाला लागून. एका खड्ड्यात पंधरा जण आहेत. मृत्यू नऊ नोव्हेंबर. दफन दोन मार्च."

"चार महिन्यांनी? थंडीनं जमीन गोठली होती की काय?"

"छे. हिवाळ्यात डॉक्टरकीच्या कॉलेजवाले न्यायचे. उन्हाळ्यात माल टिकत नाही ना. शिकून झालं की उरलेलं परत पाठवायचे."

डोरीन वहीकडे बघत राहिली. उरलेलं. हा माणूस तिच्या आजीबद्दल बोलत होता आणि त्याच्या हनुवटीवर रस्सा होता.

"राक्षस मेले! घरच्यांना विचारायचं नाही, सांगायचं नाही..."

"तसं नाही हं." पहिल्यांदाच क्लेगने पॅटिस खाली ठेवलं. आपल्या खात्यावर आळ आलेला त्याला खपला नसावा. "जवळचं कुणी गावात असलं तर विचारायचेच. त्यांनी 'नको' म्हटलं की नेता येत नसे, मग प्रेत घरच्यांनीच ताब्यात घेऊन पुरायचं. त्याची वही वेगळी आहे, थांबा."

त्या वहीत एकच ओळ होती. 'मुलगी समक्ष आली. मजकूर दाखवला. हरकत नाही.' खाली सही होती: एच. ऑग्डेन. एचच्या पायाशी मोठा गोल वळसा होता. डोरीनच्या वाढदिवसाच्या पन्नासेक कार्डांवर तो वळसा होता.

ती बाहेरच्या नळावर गेली आणि तिने कोपरापर्यंत हात धुतले. थंड पाण्याने बोटं बधिर झाली तरी धूतच राहिली. बसमध्ये तिने मनातल्या मनात सगळी वाक्यं जुळवली. सत्तर वर्षं वर तोंड करून खोटं बोललीस. बाबांना रडवलंस. स्वतःची आई खाटकाकडे द्यावी तशी दिलीस.

वृद्धाश्रमात चहाची वेळ होती. आत्या बशीतल्या चहात बिस्कीट कालवून चमच्याने खात होती. लगदा ओठांच्या कडेने ओघळत होता. एरवी डोरीनने पटकन रुमाल काढला असता. आज तिच्याने ते बघवेना.

"सापडली?" आत्याने विचारलं.

"सापडली."

"महिना कुठला?"

डोरीनने ठरवलेलं पहिलं वाक्य तोंडातच राहिलं. कबर सापडली म्हटल्यावर माणूस कुठे आहे ते विचारतो, महिना कशाला विचारेल? आत्या चमचा धरून बघत होती. नोव्हेंबर म्हटलं असतं तर म्हातारी सुखाने मेली असती. ते सुख तिला द्यायची डोरीनची तयारी नव्हती.

"मार्च."

आत्याने चमचा बशीत ठेवला.

"म्हणजे नेलीच."

"तुझी सही बघितली मी," डोरीन म्हणाली. आवाज चढला तशी शेजारच्या खुर्चीतली बाई जागी झाली. मग आपलं बोलणं आपल्यालाच ऐकवेना म्हणून डोरीन म्हणाली, "तुला नीट वाचू दिलं नसेल. पोरगीच होतीस."

"वाचू दिलं की. दोनदा वाचलं मी." आत्याने हनुवटी स्वतःच पुसली. "कापडाच्या दुकानात नुकती लागले होते. आई गरीबगृहात आहे म्हटलं असतं तर दारात उभं केलं नसतं. मी सांगितलं होतं, आई दोन वर्षांमागंच गेली. मग मेलेल्या बाईची प्रेतयात्रा पुन्हा कशी काढणार गं?"

डोरीनला किळस आली. त्या कारणाची आली, ते इतक्या सरळ सांगितल्याची जास्त आली. ती उठली.

"जाताना कपाटातलं पाकीट दे," आत्या म्हणाली. "नोव्हेंबर असता तर 'मला तिच्याजवळ पूर' म्हणणार होते. आता तो हक्क नाही माझा."

पाकिटात डॉक्टरकीच्या कॉलेजचा देहदानाचा फॉर्म होता. आत्याची सही आठ वर्षांपूर्वीची होती. वळसा आता थरथरता झाला होता. त्याखाली जवळच्या नातलगासाठी एक ओळ होती. नातलगाची हरकत नाही. पुढे जागा कोरी होती.

"पेन चष्म्याच्या डबीत आहे," आत्या म्हणाली आणि बशी पुन्हा जवळ ओढली.

डोरीनने उभ्या उभ्याच फॉर्म वाचला. मग खुर्ची ओढून बसली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा एकदा वाचला.