निर्जन गावातली स्तामेना

“हे वाच. मोठ्यानं वाच,” म्हणत स्तामेनाने पुस्तिका विदोसावच्या टेबलावर आपटली.

जिल्हा कचेरीने नुकतीच छापलेली चकचकीत माहितीपुस्तिका होती ती. भूगोलात तिमोकचं खोरं, इतिहासात रोमनांच्या काळापासूनच्या खाणी, अर्थव्यवस्थेत तांबं आणि पुन्हा तांबंच. तिचं बोट टेकलं होतं ती ओळ कारकून विदोसावने वाचून दाखवली. “व्रबाना. निर्जन गाव. जमीन खाणीच्या विस्तारासाठी उपलब्ध.”

“मग मी कोण? भूत?”

स्तामेनाने तांब्याच्या भट्टीवरच्या खानावळीत एकतीस वर्षं घेवड्याची आमटी ढवळली होती. विदोसावचा बाप तीच आमटी खाऊन भट्टीवर राबला. पुढे गावातली पोरं व्हिएन्नाला गेली, म्हातारी मातीत गेली आणि व्रबानात धूर निघायचा तो तिच्या एकटीच्या घरातून. आता तेही घर तिला न विचारता पाडणार होते. निर्जन गावात विचारायचं कुणाला?

“काकू, रहिवाशांच्या यादीत तुम्ही मयत आहात. हा बघा फोटो.” विदोसावने कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला.

तिच्या नवऱ्याच्या, झिवादिनच्या थडग्याचा दगड. त्यात बसवलेल्या त्याच्या फोटोशेजारी तिचा फोटो. खाली तिचं नाव, १९४८, एक आडवी रेघ आणि पुढे कोरा दगड.

“मोजणीवाला बाहेरचा होता. त्याला वाटलं, पुढचं साल झिजलं असेल.”

“झिजलं नाही, कोरलंच नाही. मी मेले नाही अजून. नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव कोरून ठेवतात आपल्याकडे, हे त्याला नसेल ठाऊक. तुला ठाऊक नव्हतं? तुझी आई आहे ना रे?”

“आहे की.”

“तिचं नाव नाही तुझ्या बापाच्या दगडावर?”

“आहे.”

“मग तिलाही मारलंस का यादीत?”

विदोसावने शिक्का उगाचच सरळ केला. “ती शहरात राहते, काकू. तिच्या घराखाली तांबं नाही.”

मग त्याने आवाज उतरवला. “तक्रार लिहून द्या. सोमवारी माणूस परत येईल, नवे फोटो काढील.”

“माझ्या घराचे?”

“कबरस्तानाचे. यादी त्यांवरूनच होते.”

“आणि मी इथं तुझ्यापुढं उभी आहे, ते?”

“त्याला रकाना नाही.”

स्तामेनाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने अर्जावर अशी सही केली की कागद फाटला.

रविवारी ती हातोडा आणि छिन्नी घेऊन कबरस्तानाच्या टेकडीवर चढली. रिवाजाप्रमाणे झिवादिनच्या वाट्याची थोडी दारू मातीवर ओतली. अठरा वर्षांपूर्वी तिनेच पाथरवटाला बजावलं होतं, दोघांचे चेहरे जवळजवळ बसव, त्याला कमी ऐकू येतं.

“जरा बाजूला होते रे,” ती दगडाशी वाकून मोठ्याने म्हणाली. “माझा इलाज नाही.”

एकेक अक्षर उडवायला तिला दुपार झाली. पांढऱ्या चिनीमातीच्या चकतीवरचा तिचा फोटो शेवटपर्यंत निघेना, निघाला तो दोन तुकडे होऊन. ते तिने एप्रनच्या खिशात टाकले.

रुंद दगडाच्या एका कडेला झिवादिन एकटाच राहिला.