नारळाची चौकशी

टक्कर झाली तेव्हा ब्रिजवर ड्यूटी ह्यांची होती. भर पावसात, मुंबईबाहेर खोल समुद्रात, आमचं जहाज आणि एक परदेशी. माणसं सगळी वाचली, साखरेची पोती तेवढी गेली. चूक कुणाची, याची चौकशी फोर्टात सुरू झाली आणि बोरीवलीत, आमच्या सोसायटीत, दुसऱ्या दिवशी संपलीसुद्धा.

रंगीत टीव्ही वनमालाबाईंकडे, त्यामुळे निकालही तिथेच लागायचे. बातम्या संपल्या की त्यांचे यजमान दोन शेंगदाणे घेऊन सतरंजीवर बसत. "हा आपला श्यामकांत. हा परदेशी. एवढा मोठा समुद्र, जरा बाजूने घ्यायला काय झालं होतं?" ह्या गृहस्थांची स्कूटर सोसायटीच्या फाटकाला कितीदा आदळली असेल! तेवढ्यात आमच्या बाळाने परदेशी जहाज तोंडात घातलं आणि ते बोटाने बाहेर काढता काढता माझा जीव गेला.

"दिवाळीत साखर मिळाली नाही तर सगळ्यांना तुझ्याकडे पाठवीन हं, शुभा," वनमालाबाई म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले, काय करणार?

हे मात्र घरी मागच्या फाटकाने यायला लागले. सहा फुटी माणूस, कचऱ्याच्या पिंपांआडून वाकून.

"अहो, समोरून या ना."

"समोर अख्खी बिल्डिंग उभी असते गं."

चौकशी महिनोन्‌महिने चालेल म्हणत होते. तोवर हा माणूस असाच वाकून चालणार? नोकरीपेक्षा मला त्याचीच धास्ती.

मग एका सांजदैनिकाचा वार्ताहर आला. कंपनीने बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही. मी नुसता चहा दिला. बोलायला बिल्डिंग होतीच. तळमजल्यावरचे सहदेवकाका, मालवणचे, जुने गिरणी कामगार, पुढे सरसावले.

"ता सगळा ऱ्हवांदे. नारळीपुनवेक दर्याक नारळ दिलंस काय गो?"

दिला होता की! गोराईच्या जेट्टीवर जाऊन. बाळ कडेवर म्हणून पाण्यापासून इतक्या लांबून फेकला, की आमची मासेवाली इनेझ पोट धरून हसली होती. पण नेमकं तेव्हाच बाळाने वार्ताहराच्या पेनाचं टोपण तोंडात घातलं. ते निघेपर्यंत माझी वाचा बंद.

"बोलणा नाय," काका म्हणाले. "म्हणजे नाय दिल्यान."

दुसऱ्या दिवशी छापून आलं: 'नारळ राहिला, जहाज आदळले! अधिकाऱ्याच्या पत्नीचे सूचक मौन.'

मी आधी रडले, मग भडकले. पदर खोचला, बाळाला उचललं. खरं काय ते वनमालाबाईंच्या दारात जाऊन सांगणारच होते, तर गॅलरीतून हे दिसले. पिंपांकडे वळत होते.

"श्यामकांता, समोरसून ये रे!" सहदेवकाका ओरडले. "तुझी काय चूक? बायकोनच नारळ दिल्यान नाय, तू काय करतलंस?"

कुणी ह्यांची छत्री धरली, कुणी बॅग घेतली. स्कूटरवाल्यांनी तर खांद्यावर हात टाकला. मोठ्या फाटकातून हे ताठ मानेने आत आले. किती दिवसांनी मला त्यांची पूर्ण उंची दिसली.

वरातीबरोबर वनमालाबाईही दारात. "शुभा, खरंच राहिला गं नारळ?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"राहिला खरा. बाळाचं करता करता विसरलेच."

"बाई बाई! आणि म्हणे बी.ए. झालीय."

दार लोटल्यावर हे म्हणाले, "अगं, पण तू तर गोराईला गेली होतीस ना?"

"हळू बोला," मी कडी लावत म्हटलं. "चौकशी चालू आहे."