रंगखोलीतल्या अर्ध्या फायली

तपासनीसाने बॅग उघडली तशी थोरलीने आतल्या तारा मोजून घेतल्या. सहा. या माणसाचा धंदा संगणकातल्या बिघडलेल्या फायली तपासण्याचा, आणि रंगकारखान्याचा सगळा जीव त्या फायलींत होता. सोळा वर्षांत रंगवलेल्या प्रत्येक रंगाची कृती त्यांत होती: कोणती पूड किती ग्रॅम, पाणी किती तापवायचं, कापड किती मिनिटं बुडवायचं. अशा माणसाला खोलीत एकटं सोडायला थोरली काही दूधखुळी नव्हती. तिने स्टूल ओढलं आणि इतकं जवळ नेऊन ठेवलं की त्याचं कोपर दोनदा तिला लागलं. दोन्ही वेळा माफी त्यानेच मागितली.

भानगड सोमवारी उघडकीला आली. पडद्यांचं कापड नेणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाने आपला शेवाळी रंग पुन्हा मागितला. फाइल उघडली तर वरच्या चार ओळी धड, खाली नुसतं रिकामं. दुसरी उघडली, तीही तशीच. सासूबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या, पण कारखाना अजून त्यांच्या शब्दावर चालत होता. त्यांनी सांगून टाकलं की बुधवारी संध्याकाळपर्यंत हे कोणामुळे झालं ते कळलं पाहिजे, आणि जिच्यामुळे झालं तिने रंगखोली सोडून गोदामात बसायचं.

रंगखोलीत बसणाऱ्या दोघी सुनाच. थोरली पहिल्यापासून, धाकटी दोन वर्षांपासून. म्हणजे गोदामात कोण जाणार याबद्दल थोरलीला तिळभर शंका नव्हती.

धाकटीच्या नावावर तिने मनातल्या मनात बऱ्याच नोंदी करून ठेवल्या होत्या. धाकटीचा सख्खा भाऊ पलीकडच्या रंगवाल्याकडे कामाला. कोणी दारात आलं की धाकटी हातातलं काहीतरी खणात सारते. फोनवर बोलायला जिन्याखाली जाते. आणि हसते तेव्हा तिचे फक्त वरचे दात दिसतात. ही शेवटची नोंद पुराव्यात धरता येणार नाही हे थोरलीला कळत होतं, पण ती खोडवत नव्हती.

तपासनीस म्हणाला की आधी सगळ्याची नक्कल घेतो आणि नक्कलच तपासतो, मूळ डिस्कला धक्का लावायचा नसतो. नक्कल या शब्दाला थोरलीचे कान टवकारले. ती नक्कल पुढे कुठे जाते, हे तिने तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. तुमच्यासमोर पुसून मगच उठेन, असं त्यानेही तिन्ही वेळा न चिडता सांगितलं. न चिडणारा माणूस थोरलीला पहिल्यापासून संशयास्पद वाटे. त्यातच धाकटी पाणी घेऊन आली आणि त्याने तिला "बऱ्या आहात ना?" असं विचारलं. म्हणजे ओळख आहे. थोरलीने तीही नोंद केली.

दुपारपर्यंत पडद्यावर यादी उतरली. दोन हजारांवर फायलींपैकी एकेचाळीस बिघडलेल्या. त्याने त्या तारखेप्रमाणे लावल्या आणि चष्मा कपाळावर सरकवला. सगळ्या मंगळवारच्या किंवा शुक्रवारच्या, सगळ्या दुपारी दोनला दोन-चार सेकंद कमी असतानाच्या.

"त्या वेळी इथे धाकटीच बसते," थोरली म्हणाली. इतक्या घाईने, की तिचं तिलाच जरा ओशाळं वाटलं.

"असेल. पण माणसाने बिघडवलेली फाइल अशी दिसत नाही, ताई. माणूस एक तर सगळं पुसतो, नाहीतर आकडा बदलतो. या लिहिता लिहिता तुटल्यात. आपण जतन केलं म्हणून यंत्र लगेच डिस्कवर लिहीत नाही, थोडा वेळ मनात धरून ठेवतं. तेवढ्यात वीज गेली की राहिलं ते राहिलं. या दोन दिवशी दोन वाजता इथे आणखी काय होतं?"

काय होतं? फरशी धुतात. सासऱ्यांना एकदा ओल्या फरशीवर विजेचा झटका बसला होता, तेव्हापासून पाण्याची पहिली बादली ओतण्याआधी मेन स्विच खाली ओढायचा असा नियम होता. ते काम थोरली दुसऱ्या कोणाला करू देत नसे. घड्याळात दोन वाजायचे आणि तिचा हात खाली यायचा, एका सेकंदाचाही फरक नाही. या गोष्टीचा तिला अभिमान होता. वीज गेल्यावर यंत्राला धरून ठेवणारी बॅटरी वर्षभर बिघडलेली होती, आणि ती बदलायची काही गरज नाही असं म्हणालं कोण, तर तीच.

"स्विच कोण ओढतं ते फायलीत दिसतं का?" तिने विचारलं.

"नाही. फक्त वेळ दिसते."

वेळ धाकटीची होती. एवढंच सांगितलं तर खोटं एक अक्षरही नव्हतं. त्याने नक्कल पुसली तिकडे बघायचंही तिला सुचलं नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी दोघींना समोर बसवलं. थोरली सुरुवात करणार, तोच धाकटीने पदराआडून एक जाड वही काढून टेबलावर ठेवली. एकेचाळीसच काय, दोन वर्षांतली प्रत्येक कृती तिने हाताने उतरवून ठेवली होती. खणात सारायची ती हीच. शेवाळी रंगही होता, गिऱ्हाइकाने मागाहून सुचवलेल्या बदलासकट.

"यंत्रात असताना वहीत कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

धाकटी थोरलीकडे न बघता म्हणाली, "माझ्या फायली वहिनी पुसतात असं मला वाटायचं. तपासनीसाला मागे मीच भेटून आले होते. तो म्हणाला, तोवर लिहून ठेवा."

थोरलीने झटकन हिशेब केला. आता वेळेचं बोट धाकटीकडे दाखवलं तर ही दुसऱ्यांदा तपासनीसाकडे जाईल, आणि दोन वाजता इथे काय होतं ते या खेपेला तो हिलाच विचारेल. उद्या कळायचं ते आज आपण सांगितलेलं बरं.

"पुसत नव्हते," ती म्हणाली. "वीज बंद करत होते. दोनच्या ठोक्याला. तू जतन केलेलंही त्याने अर्धं राहत असेल हे कधी डोक्यात आलं नाही."

सासूबाईंनी वही मिटून धाकटीकडे सरकवली. मग म्हणाल्या, गोदामात उद्यापासून थोरली. पण आजचा शेवाळी दोघींनी मिळून करायचा, गिऱ्हाईक सकाळी येतंय.

धाकटीने वही हातातून सोडली नाही. आकडे वाचून दाखवले. थोरलीने वजन केलं, आणि प्रत्येक आकडा दोनदा वाचायला लावला. नमुन्याचा तुकडा भांड्यातून बाहेर आला तो गडद दिसत होता. ओला आहे, धाकटी म्हणाली. वाळल्यावर बघू, थोरली म्हणाली. तुकडा दोरीवर टाकला. वाळायला अर्धा तास तरी हवा होता. घरी जायची वेळ होऊन गेली होती आणि दोघींनाही तहान लागली होती, पण त्या तुकड्यापाशी दुसरीला एकटं सोडून पाणी प्यायला जायला दोघींपैकी कोणीही तयार नव्हती.