शेवटच्या घरी आली का?

हातमोज्याचा अंगठा आत वळलेला होता. खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेले ते जाड रबरी हातमोजे, कोपरापर्यंत येणारे – ते रोज सकाळी उलटे करायचे, कोरड्या फडक्यानं पुसायचे, आत पावडर भुरभुरायची, म्हणजे वायरमन नवऱ्याचे घामेजलेले हात खांबावर चढल्यावर आत चिकटत नाहीत. लग्नानंतर हे काम तिनं आपणहून अंगावर घेतलं आणि मग ते तिचंच होऊन गेलं. तिनं अंगठा बाहेर ओढला आणि वास आला. सुगंध. फुलाचा म्हणावा, तर कुठल्याच फुलाचा नसलेला, डब्यातला सुगंध. या घरात बिनवासाची पावडर येते. वायरमनच्या हाताला कशाला हवाय वास, असं तोच कधीतरी हसत म्हणाला होता, म्हणून…

काल वादळात तो नदीपलीकडे गेला होता. म्हणजे तिथं कुणीतरी हे मोजे उलटे केले, पुसले, आत पावडर घातली. कुणीतरी कशाला म्हणायचं? नाव ठाऊक नसलं तरी माणूस ठाऊक आहे.

"झाले का गं मोजे?" आतून त्यानं विचारलं.

"झाले."

मी विचारणार नाही. विचारलं की उत्तर मिळतं, आणि मग ते उत्तर घरात राहायलाच येतं. तिनं आपला डबा उघडला आणि त्या वासावर आपली पावडर भुरभुरली – रोजच्यापेक्षा जास्त, इतकी की खिडकीच्या कठड्यावर पांढरा सडा पडला. वास गेला नाही. त्यानं मोजे पिशवीत टाकले, चहा संपवला, "येतो गं" म्हणाला, आणि गेला.

नदीपलीकडच्या लाइनीचं शेवटचं घर एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं आहे. तिथवर लाईट पोचली म्हणजे सगळ्या लाइनीवर पोचली, असा वायरमन लोकांचा हिशेब. म्हणून दुरुस्ती झाली की खांबाखाली उभं राहून पहिला फोन तिला करायचा. सगळेच करतात. वीज कचेरीत त्या बाईला नावानं कुणी ओळखत नाही. 'शेवटच्या घरी आली का?' – बस्स. वायरमनची बायकोही त्याच कचेरीत कारकून; हे वाक्य तिनं तिथं बसल्या बसल्या इतक्यांदा ऐकलं होतं, की टेबलावरच्या पंख्याच्या आवाजासारखं ते कानावरून जायचं. मग एका सुट्टीच्या संध्याकाळी तो घरी होता, पलीकडे दुसरी माणसं काम करत होती, आणि तरी त्यानं खिडकीशी उभं राहून फोन लावला.

"आली का?… नीट आहे ना?… बरं. परत गेली तर सांग."

ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. बोलणं लाईटचंच होतं, त्यात शंका नव्हती. लाईट येते, लाईट जाते, रुसते, डोळे मिचकावते, अर्ध्या रात्री परत येते – आपल्या बोलण्यात ती बाईमाणूसच आहे, तिच्याबद्दल बोलताना कुणीही असंच बोलणार. पण 'सांग'? सगळ्या जगाला तो 'सांगा' म्हणतो. बिल न भरलेल्या माणसाची वायर कापतानाही 'जरा बाजूला सरा' म्हणतो. 'सांग' हा शब्द या घरातला होता, तिच्या एकटीचा; 'ऐक गं', 'बस गं', 'सांग'. एक काना तेवढा कमी. एखादा खांब पडावा तसा तो काना तिथून पडला होता, आणि त्या जागेवरून तेव्हापासून सगळा अंधार आत येत होता…

मग ते अनुदान आलं. वादळवाऱ्यात मोडून न पडणारी वीजव्यवस्था उभी करायला सरकार पैसे देणार होतं. कचेरीच्या वाट्याला एका लाइनीपुरते. एक नदीपलीकडची, दुसरी बाजाराची, जिच्यावर तिचं स्वतःचं घर. साहेब वयानं तिच्या भाच्याएवढे. डोकं खाजवत म्हणाले, "आकडे दोन्हींचे सारखेच दिसतायत. बाई, तुम्ही लिहिता छान. दोन्हीकडच्या लोकांची गरज काय, एकेक परिच्छेद लिहा. जो बरा उतरेल ती लाइन पुढं करू. समितीला माणसं दिसली पाहिजेत."

बाजाराचा परिच्छेद तिनं चहा निवायच्या आत लिहिला. दुकानं, दवाखाना, पाण्याची टाकी. त्यात खोटं काही नव्हतं. नदीपलीकडचा मात्र लिहिता लिहिता हात थांबेना. झाकलेल्या तारा टाकल्या की झाडाची फांदी पडून लाईट जाणार नाही, नवे खांब वाकणार नाहीत, बिघाड झाला तर स्विच आपोआप दुसरीकडून वीज घेईल – म्हणजे त्यानं जायला नको. आणि नवे मीटर घरात लाईट आहे की नाही ते थेट कचेरीला कळवतात. म्हणजे कुणी कुणाला 'आली का' विचारायलाच नको. हे मनात धरून तिनं लेखणी उचलली, आणि लिहिलं भलतंच. लिहिलं, की लाइनीच्या टोकाच्या घरात एक बाई एकटी राहते; लाईट गेली की ती शिलाई यंत्रावर हात तसाच ठेवून बसते, कापड सुईखाली अर्धं; कारण उठलं आणि तेवढ्यात लाईट आली तर, असं तिला वाटतं; बाहेर पाऊल वाजलं की तिचा हात चाकाकडे जातो, आणि पाऊल पुढं निघून जातं.

"हे तुम्हाला कसं हो माहीत?" साहेबांनी विचारलं होतं.

"ऐकलंय."

ऐकलं कुठं होतं? ते घर तिनं पाहिलंही नव्हतं. वादळाच्या रात्री दाराच्या कडीवर हात ठेवून बसणारी बाई तिला एकच माहीत होती.

आज दुपारी साहेब दारातूनच ओरडले, "बाई, मंजूर! नदीपलीकडची! आणि तुमचा परिच्छेद बैठकीत मोठ्यानं वाचला म्हणे. त्या यंत्रावर हात ठेवून बसलेल्या बाईपाशी सगळे गप्प."

टाळ्या वाजल्या. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण, जी तिच्याच गल्लीत राहते, खुर्ची सरकवून जवळ आली. "धन्य आहे तुझी! आपल्या गल्लीत अंधार, आणि तिकडं जाऊन चांगलेच दिवे लावलेस."

"आकडे होते तसे."

"आकडे! माझ्या फ्रिजमधलं दूध नासलं की तुझ्याकडंच घेऊन येते, थांब."

ती हसली. मग फायलीवर मान वाकवली. त्या शेवटच्या घरातलीच्या दारात नवे खांब. तिच्या दारात सरकारचा पैसा, साहेबांची गाडी, कौतुक करायला माणसं. तिचं यंत्र आता कधी थांबणार नाही. आणि हे सगळं कुणी दिलं तिला? मी. मीच दिलं, वेचून वेचून शब्द दिले, माझं बसणं दिलं, कडीवरचा हात दिला – आणि आता ती उजेडात बसून पावडरीचा डबा उघडेल, आणि मी बाजाराच्या लाइनीवर…

संध्याकाळी तो लवकर आला. वारं पडलेलं होतं, कुठं काही बिघडलेलं नव्हतं. त्यानं मोजे खिळ्याला टांगले. ती कणीक मळत होती.

"अहो, मंजुरी आली. अनुदानाची."

"कुठल्या लाइनीला?"

"नदीपलीकडच्या."

तो मोज्याची बोटं एकेक करून सरळ करत राहिला. "चांगलं झालं," तो म्हणाला. "तिकडचे खांब फार वाकलेत."

"मीटरही नवे बसणार. आता शेवटच्या घरी फोन करायला नको. मीटरच सांगेल."

"हं."

एवढंच. 'हं'ला काना नसतो, मात्रा नसते. कितीही कान दिला तरी त्यातून काही कळत नाही. तिनं त्याच्या पाठीकडं पाहिलं. त्या पाठीवर ती आजवर कितीतरी वाचत आली होती – दमणं, भूक, साहेबांवरचा राग. आज काही दिसेना. खांदे जरा उतरलेले… का तिलाच तसे हवे होते?

आणि लाईट गेली. वारा नाही, काही नाही. बाजाराची लाइन, तिला निमित्त लागत नाही. गल्लीभर पोरांचा ओरडा झाला, मग तोही विरला.

"गेली," तो अंधारातून म्हणाला.

या लाइनीचा वायरमन वेगळा होता, त्याला उठायचं काही कारण नव्हतं. तो जिथं होता तिथंच, खिडकीशी उभा राहिला. गल्लीतला उजेड विझल्यावर खिडकीतून नदीपलीकडचे दिवे दिसायला लागले – इतके स्पष्ट ते तिनं कधी पाहिले नव्हते, स्वतःच्या घरात लाईट असताना कोण कशाला बघतं – आणि त्या रांगेच्या टोकाला, इतरांपासून जरा सुटलेला, एक. तोही तिकडंच बघत होता की नुसता खिडकीबाहेर, ते कळायला त्याचा चेहरा दिसायला हवा होता.

फोन वाजावा, असं तिला वाटलं. एकदाच. त्यानं तो उचलावा आणि आपण इथून ऐकावं, काना आहे की नाही. आजवर निदान ऐकायला एक जागा तरी होती. तीच तिनं लिहून, सही करून बंद करून टाकली. आता पलीकडं लाईट जाणार नाही आणि तो कुणाला काही विचारणार नाही, आणि जे काय असेल, किंवा नसेल, ते तसंच राहील, त्या टोकाच्या दिव्यासारखं, न विझता…

पिठाचा हात तिनं परातीच्या काठावर तसाच ठेवला होता. उठलं आणि तेवढ्यात आली तर. पलीकडची बाई आत्ता यंत्र चालवत असेल, तिला काही माहीतही नसेल, आणि इथं आपण तिच्या परिच्छेदात बसलो आहोत, अगदी लिहिलं तसं.

तो अजून खिडकीशी होता. त्यानं एक श्वास सोडला, थकल्याचा असेल.

"येईल," ती म्हणाली.

आणि शब्द तोंडातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की तिचा आवाज लाईटबद्दल बोलण्याचा नव्हता, कुणाचीतरी समजूत काढण्याचा होता. कुणाची, ते अंधारात तिला नीटसं ठरवता येईना.